पहिल्या हिवाळ्यातलं मीठ

आर्डिसबाईंनी गॅरेजपुढे दगडी फरशीचे ठसे उमटवलेलं रंगीत काँक्रीट मोठ्या हौसेनं घालून घेतलं. कंत्राटदार डेलनं बजावलं होतं, "पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकू नका, घसरू नये म्हणून वाळू टाका. नाहीतर वरचा थर सुटेल."

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी बाई फावडं घेऊन बाहेर आल्या, तर गॅरेजपुढची फरशी आधीच साफ. शेजारचा ऑर्विल तिच्यावर मूठमूठ मीठ पसरत होता. कुंपणावरून भांडण झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"घसरून कंबर मोडून घेशील म्हणून केलं," तो खाली बघतच म्हणाला. "उगाच गैरसमज नको."

ओठांवर आलेली शिवी बाईंनी गिळली. "कॉफी ठेवलीय. बूट झटकून ये."

वसंतात काँक्रीटच्या खपल्या निघाल्या. डेल वैतागला. "एवढं सांगूनही मीठ कुणी टाकलं?"

कुंपणापलीकडे ऑर्विल कान टवकारून उभा होता.

"मीच," बाई म्हणाल्या. "म्हातारपणी लक्षात राहत नाही."

पुढच्या हिवाळ्यात ऑर्विल आला तो वाळूची बादली घेऊन.