पुढं चाललेल्या टाचा

दर पावसाळ्यानंतर वाळूच्या टेकड्या आपापली जागा बदलून बसतात, आणि मग गेल्या वर्षीच्या वाटेचा काडीचाही उपयोग राहत नाही. म्हणून पाहुण्यांना जीपमधून फिरवायचा हंगाम लागण्याआधी नागावचा निकेत बायकोला, भाविकाला, घेऊन नवी वाट शोधायला निघे. चाकांतली हवा निम्मी काढायची, भाविकानं अनवाणी पुढं चालायचं आणि निकेतनं पहिल्या गिअरमध्ये मागून यायचं. कुठली वाळू गाडी पेलेल आणि कुठली गिळेल, हे तिच्या तळपायांना बरोब्बर कळे. निकेतला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि तसं तो चारचौघांत कबूलही करी. त्यानं फक्त तिच्या टाचांवर नजर ठेवायची. इकडंतिकडं बघितलं, की गाडी रुतलीच म्हणून समजा.

त्या दुपारी ती सुरूच्या बनात उतरली. "भरती लागायच्या आत परत फिरायचं हां," एवढंच म्हणाली आणि चालू लागली. बन संपलं, टेकड्या लागल्या. एका उतारावर टाचा क्षणभर दिसेनाशा झाल्या, मग पुन्हा दिसल्या. निकेत शीळ घालत मागून चालला होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाविकाचा.

"अहो, कुठं गेलात? मी बनातच हाय. पायात काटा गेला म्हणून खाली बसले, तर तुम्ही सरळ पुढं निघून गेलात. हाका मारून घसा बसला माझा."

निकेतनं काचेतून पाहिलं. वीसेक पावलांवर भाविका चालत होती, पिवळी ओढणी कमरेला खोचलेली, दोन्ही हात रिकामे.

"मस्करी पुरे," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही. "निघताना आईला काय सांगितलंस?"

"वाल भिजत घाला म्हणून. असं काय विचारता?"

बरोबर होतं. त्यानं हॉर्न दिला. पुढचीनं मागं न बघता उजवा हात वर केला, कोपरात किंचित वाकवून, अगदी तिच्या सवयीनं. उजवीकडं घ्या. उजवीकडं समुद्र होता, आणि पाणी चढू लागलं होतं.

निकेत पार गांगरला. ही पुढची खरी असेल, तर मागं फिरणं म्हणजे बायकोला भरतीत टाकून पळणं. फोनवरची खरी असेल, तर आपण कुणाच्या मागं पाण्यात चाललोय? चाकं भिजली. त्यानं दार उघडून जिवाच्या आकांतानं हाक मारली. ती थांबली. मान वळू लागली, आणि तो चेहरा बघायची निकेतची काही हिंमत झाली नाही. त्यानं गाडी मागं घेतली ती थेट बनात आणली.

भाविका तिथं उभी होती. लंगडत आली, कुरकुरत शेजारी बसली. निकेतला रडूच आलं. तिचा हात त्यानं घट्ट धरून ठेवला आणि गाडी घराकडं वळवली.

मग टेकड्यांपलीकडून हाक आली, रडून बसलेल्या, ओळखीच्या आवाजात. "अहो, मला टाकून कुठं चाललात?"

निकेतचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नका," शेजारची भाविका समोर बघत हळूच म्हणाली. "पाणी चढलंय. आता फार वेळ ओरडणार न्हाय ती."