तळाशी बसणारी लस

बाळाची मांडी पुसून नव्या सिस्टरने थंड पेटीत हात घातला आणि तो तिथेच थबकला. आई आधीच जीव मुठीत धरून बसली होती.

"काय झालं?"

"बाटली बर्फाला चिकटलीय, ताई."

"मग बरंच की! लस थंडच लागते ना?"

"थंड लागते, पण ही गोठली की वाया जाते." सिस्टरचा चेहरा पडला. ऊन लागू नये म्हणून सकाळी तिनेच बाटल्या बर्फाला खेटून ठेवल्या होत्या. मध्ये पुठ्ठा घालायचा राहिला होता.

शेजारच्या खोलीत नर्सचं प्रशिक्षण चालू होतं. नव्या सिस्टरची हाक ऐकून शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर तिथून फुली मारलेली बाटली घेऊन आल्या. ही मुद्दाम गोठवून वितळवलेली. त्यांनी ती आणि पेटीतली, दोन्ही बाटल्या एकत्र हलवून टेबलावर ठेवल्या. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या.

"आता बघत बसायचं. फुलीवालीसारखी हीसुद्धा भराभर खाली बसली, तर समजा गोठली होती."

"बघत बसायला हा काय सिनेमा आहे?" आईशेजारी बसलेल्या सासूबाई करवादल्या. "आमची पोरं असली थेरं न करताच वाढली."

आईने मात्र खुर्ची पुढे ओढली. फुलीवालीत वरचं पाणी निवळू लागलं. आणि दुसरीत? तिने मान तिरकी केली. तिथेही पांढरा थर खाली सरकत होता, अगदी जोडीनं.

"गेली," नवी सिस्टर हळूच म्हणाली. मग घसा खाकरून रांगेला ऐकू जाईल असं बोलली, "पेटीतली लस माझ्या चुकीने खराब झालीय. फ्रिजमधली आणते. थोडं थांबावं लागेल."

रांगेत कुरकुर झाली. मोठ्या सिस्टर फुलीवाली बाटली उचलून परत शिकवायला गेल्या.

नवं खोकं आलं. आईला राहवेना. "हीपण हलवून बघायची का?"

"सूनबाई, तूच हो आता नर्स!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

सिस्टर हसली. "गरज नाही, ही बर्फाजवळ गेलीच नाहीये. पण घ्या, तुमचं समाधान होऊ दे." तिने खोक्यातली एक बाटली आईच्या हातात दिली, बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरी बाटली उघडली.

आईने बाटली हलवून उजेडात धरली. पांढरं जिथल्या तिथे. अजूनही. आता तरी खाली बसेल? छे, ढिम्म हलत नव्हतं! ती डोळे बारीक करून बघत राहिली. बाळाने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे तिला कळलं की सुई टोचूनही झाली होती.