पितरांना पाजलेलं पन्हं

चमेलीला सातवा लागला आणि अख्ख्या गावाला तिच्या पोटाबद्दल अक्कल फुटली. पपई खाऊ नको. उंबऱ्यावर बसू नको. डाव्या कुशीवर झोप, नाही, उजव्या. बाई गरोदर राहिली की ती गावच्या मालकीची होते. जाणारायेणारा तिच्यावर हक्क सांगून जातो. बाई, तुला काय प्यावंसं वाटतं, एवढं तेवढं कुणी विचारत नाही.

आणि चमेलीचा सगळा जीव त्या पिण्यातच अडकला होता. मे महिना, वर तेंदूपत्त्याचा हंगाम. सडक अर्जुनीच्या पलीकडचं ते जंगल पहाटे जागं व्हायचं आणि दुपारपर्यंत तव्यासारखं तापायचं. तिला आता पानं तोडायला नेत नव्हते, म्हणून ती ओसरीत बसून पानांचे पुडे बांधायची. तहान तर अशी लागायची की नदी समोर आणून ठेवावी. पण हापशाचं पाणी लोखंडाच्या चवीचं. घोट घेतला की पोटातून वर.

त्यात रुचिका आली. रुचिका ही त्या गावची आशाताई, चमेलीहून चार वर्षांनी मोठी आणि तोंडानं फटकळ. वजन केलं, हात तपासला आणि उठता उठता म्हणाली, "ओटीच्या दिवशी दारूचा थेंब घ्यायचा नाही. मोहाची असो का दुकानातली. किती चालते असं इच्यारूच नको. चालतच नाही."

आतून अनुसयाबाई बाहेर आल्या. ही चमेलीची सासू. "मंग आमी काय दगडं जनलो का व? तीन जनली मी. तिन्ही बाऱ्या घोट घेतला. हा दुर्गेश पाय, बैलावानी वाढला."

दुर्गेश, म्हणजे चमेलीचा नवरा, हायवेवरच्या ढाब्यावर भाजी करायला होता. तेव्हा तो पायात घातलेली चप्पल घरभर शोधत होता.

"अक्कलबी त्याचीच आली," चमेली म्हणाली.

रुचिका तोंड फिरवून हसली आणि निघून गेली. पण गोष्ट हसण्यावारी जाणारी नव्हती. कुमऱ्यांच्या, म्हणजे चमेलीच्या सासरच्या, घरात सुनेची ओटी मोहाच्या झाडाखाली भरतात. गावचा भुमका, म्हणजे देवाधर्माचं बघणारा, भांड्यातून मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीवर सोडतो. ती पितरांची. मग त्याच भांड्यातला घोट सुनेनं घ्यायचा. पितरांनी प्यायलं तेच पोरानं प्यायलं, की पोर घराण्याचं झालं. पण घोटाआधी भुमका दोन्यात, म्हणजे पानाच्या द्रोणात, तेच ओतून त्यावर तांदळाचे दोन दाणे सोडतो. दाणे तरंगत एकमेकांना येऊन भिडले तर पितर राजी. फाकले तर नाराज.

चमेलीचं पहिलं पोर चवथ्या महिन्यातच गेलं होतं. कशानं गेलं ते ना दवाखान्याला सांगता आलं, ना भुमक्याला. तिनं मोहाला कधी बोल लावला नाही. मोहानं या घराला उपाशी दिवसांत खाऊ घातलंय, आणि शहरातल्या ज्या लोकांना मोह म्हटलं की फक्त दारू दिसते, त्यांच्याकडून तिला काही शिकायचं नव्हतं. पण या खेपेला तिला एकही शंका पोटात घालायची नव्हती. उद्या काही झालं, तर त्या एका घोटाकडे जन्मभर बोट दाखवत बसायचं, हे तिला नको होतं. मग ते पितर रागावोत की सासू.

तोवर तहानेचं बघायला हवं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर गरोदर बाईचं चित्र असतं. ती बाई नारळाला नळी लावून हसत असते. त्या चित्रकाराला एकदा इथे आणून मे महिन्यात नारळ शोधायला लावावा. दुर्गेशनं ढाब्यावरून थंड बाटली आणली, तर चमेली दिवसभर ढेकर देत बसली. लिंबूपाणी केलं, ते दोन दिवस गोड लागलं. चिंचेच्या पाण्यानं छातीत जळजळ. शेजारून ताक आणून जिरं घालून प्यायली. ते आवडलं, पण शेजारची म्हैस आटली.

मग कैऱ्या आल्या. चमेली त्या उकडायला घालणार, एवढ्यात अनुसयाबाईंनी हातातून गंज, म्हणजे पातेलं, ओढून घेतला.

"कैरी उकडून राहिली? तुया मायनं हेच शिकवलं का? भाजाव लागते ते."

त्यांनी चुलीच्या गरम राखेत कैऱ्या पुरल्या. साल काळं पडून फाटलं तेव्हा बाहेर काढल्या, गर कोळला, गूळ फोडून घातला, भाजलेलं जिरं, मीठ, परसातला पुदिना. माठातलं पाणी. चमेलीनं तोंडाला लावलं आणि खाली ठेवलंच नाही. धुराचा वास, आंबट, मागून गूळ, आणि पोटात जाऊन शांत बसणारं. किती दिवसांनी काही वर आलं नाही.

"कसं हाय?" सासूनं विचारलं.

"मीठ कमी हाय."

"तुया जिभेले कळते का?" म्हणून अनुसयाबाईंनी स्वतः चाखलं आणि चिमूटभर मीठ घातलं.

तेव्हापासून रोज दुपारी तोच खेळ. भांडण मिठावरून, पुदिन्यावरून, गुळावरून. गावातल्या बायका उन्हातून आल्या की ओसरीत थांबायला लागल्या. "अनुसयाबाईचं पन्हं" असं नाव पडलं. सासूची मान वर गेली. पण ओटीचं काढलं की एकच उत्तर. "पन्हं तहानेले. घोट पितरायले. एका घोटानं काई नाई होत."

 चमेलीनं ओटीचा नेम पुन्हा पुन्हा मनात घोळवला. ज्या भांड्यातली धार, त्याच भांड्यातला घोट.

ओटीच्या दिवशी ऊन कलायला लागल्यावर सगळे मोहाखाली जमले. पतिराम भुमका, वाळक्या लाकडासारखा म्हातारा, पांढरं धोतर नेसून बसला होता. मोहाची बाटली त्याच्या उजव्या हाताशी. पाहुण्यांसाठी केलेलं पन्ह्याचं मडकं चमेलीजवळ. ओटी भरून झाली. पतिरामनं बाटलीकडे हात नेला, तेवढ्यात चमेली गुडघ्यावर हात टेकून उठली, मडकं वाकडं केलं आणि जमिनीवर धार सोडली.

"आज्या हो," ती म्हणाली, "लय ऊन हाय. आज हे प्या."

मातीनं ते सर्रकन पिऊन टाकलं.

"हे काऊन केलं व पोरी?" पतिराम म्हणाला.

"धार सोडली, बाबा. आता ह्याच भांड्यातला घोट घेतो. नेम तुमचाच हाय."

"नेम मोहाचा हाय."

"नेम भांड्याचा हाय. तुमच्याच तोंडून आयकला."

पतिरामनं ओल्या मातीला बोट लावून पाहिलं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. "दाने सांगतीन," तो म्हणाला.

पळसाच्या दोन्यात पन्हं ओतलं. दोन दाणे सोडले. एक पुदिन्याच्या पानावर जाऊन बसला आणि एका काठाला लागला. दुसरा गराच्या तंतूत अडकून दुसऱ्या काठाला. थांबले तिथेच थांबले. दुर्गेशचा चेहरा पडला. मागून कुणी तरी चुकचुकलं.

"नाई मनते," पतिराम म्हणाला.

"कोन नाई मनते?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"पितर."

"मायाच पन्ह्याले?"

त्या उठल्या. हातातला बांबूचा विजना घेऊन भुमक्याच्या शेजारी येऊन बसल्या. "बाबा, तुमाले घाम सुटून राहिला," म्हणाल्या आणि वारा घालू लागल्या. वारा भुमक्यापेक्षा दोन्यालाच जास्त लागत होता. पुदिन्याचं पान हललं, फिरलं, आपला दाणा घेऊन होडीसारखं निघालं आणि समोरच्या दाण्याला जाऊन टेकलं.

पतिरामनं दोन्याकडे पाहिलं. मग विजन्याकडे. मग अनुसयाबाईंकडे.

"वारा लागला ना," तो म्हणाला.

"पितर कुठं रायतेत? वाऱ्यातच ना?"

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "जमले," तो म्हणाला, आणि दोना चमेलीच्या हातात दिला.

चमेलीनं तो एका दमात संपवला. पोरानं आतून अशी लाथ मारली की तिचा हात आपसूक पोटावर गेला. बायकांनी एकदम गलका केला. ढोल घेऊन बसलेल्याला काही सांगावं लागलं नाही. ज्यांना मोहाची हवी होती त्यांनी ती खुशाल घेतली, पण आधी पन्हं. पतिरामनं तिसऱ्यांदा दोना पुढे केला तेव्हा अनुसयाबाई म्हणाल्या, "पितरायले तं पुरे झालं, बाबा. तुमाले कायले एवढी तहान?"

भांडी आवरताना चमेली सासूजवळ बसली. "आत्या, दाने नसते जमले तं?"

"विजना हलवत रायली असती. हात मोडेपावतो."

"तरी नसते जमले तं? मी तं मोहाची पिलीच नसती."

"माहीत हाय मले," अनुसयाबाई मडकं विसळत म्हणाल्या. "म्हून तं हलवला. पर मीठ आजबी कमीच होतं."