पार्किंगमधली मारुती

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी नोटीस लावली : 'बंद वाहने महिनाअखेर हलवावीत. पार्किंग म्हणजे संग्रहालय नव्हे.' नाव कुणाचंच नव्हतं, पण सोसायटीत बंद गाडी एकच होती. उत्तरेश्वर आणि द्वारका यांची पांढरी मारुती, आठ वर्षं कव्हरखाली उभी असलेली.

मुलगी उत्कर्षा बंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आई, भंगारात दे आणि मोकळी हो."

उत्तरेश्वरांचंही तेच मत होतं. "इंजिन गेलंय तिचं. तेव्हाच सांगितलं होतं मी."

गाडी बंद पडली आणि वर्षभरात उत्तरेश्वरांना कंपवाताचं निदान झालं. त्यामुळे ती दुरुस्त करण्याचा विषय घरात पुन्हा निघालाच नव्हता. पण द्वारकाबाईंनी एकसष्टाव्या वर्षीही आपलं लायसन्स जिवंत ठेवलं होतं. चौतिसाव्या वर्षी काढलेलं. आजवर दोनदाच गाडी चालवली होती, तीही शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या सूचना ऐकत. तरी मुदत संपत आली की त्या न चुकता नूतनीकरण करून घ्यायच्या. का, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"भंगारात द्यायच्या आधी कुणाला तरी दाखवते," त्या म्हणाल्या.

"दाखव. वेळ आहे तुझ्याकडे."

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा बजरंग आला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. कव्हर काढून तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. चारही टायर जमिनीला टेकलेले. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं, त्यात कुरतडलेली वायर आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे.

"काकू, घाई करायची नाही," तो म्हणाला. त्याने टाकीतलं आंबूस वासाचं जुनं पेट्रोल उपसलं, प्लग काढून आत थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पान्हा लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी अडलं, मग सावकाश फिरलं.

"कोण म्हणतं इंजिन गेलंय? एकदम मोकळं आहे."

द्वारकाबाईंनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उत्तरेश्वर बसले होते. चार दिवस ते तिथूनच बघत होते, पण खाली आले नव्हते.

नवी बॅटरी आली, कार्बोरेटर साफ झाला, वायरी बदलल्या. पण गाडी सुरू होईना. प्लगपर्यंत ठिणगीच पोचत नव्हती. बजरंगने डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं आणि तो थांबला.

"ह्याच्यात रोटर नाही. एवढासा तुकडा असतो बघा, तो फिरून प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो. कुणीतरी काढून घेतलाय."

"उंदरांनी नेला असेल."

"उंदीर वायर खातात, काकू. टोपणाच्या क्लिपा परत लावून जात नाहीत."

द्वारकाबाई लिफ्टची वाट न बघता जिना चढून वर गेल्या. उत्तरेश्वरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "माझ्या कपाटात आहे. खालच्या खणात."

मग ते थांबत थांबत बोलले. आठ वर्षांपूर्वी मार्केट यार्डच्या चौकात सिग्नल लाल झाला होता. समोरून एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. "ब्रेक दाबायचा ठरवलं, पण पाय आलाच नाही गं. म्हणजे आला, पण उशिरा. त्या बाईने मुलीला ओढून घेतलं म्हणून. ती मला काही बोललीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. घरी आलो आणि रोटर काढून ठेवला. उद्या मलाच मोह झाला असता."

"आणि मला सांगितलं, इंजिन गेलं."

"हो."

"अहो, माझ्याकडे लायसन्स होतं. आठ वर्षं मी बसने पिशव्या ओढल्या. तुम्हाला दवाखान्यात न्यायला भर पावसात रिक्षावाल्यांच्या विनवण्या केल्या. गाडी खाली उभी होती!"

"तू चावी मागितली असतीस. मग द्यावी लागली असती, आणि मी का चालवत नाही तेही सांगावं लागलं असतं." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. "बिघडली म्हणणं सोपं होतं."

'असू दे' म्हणावं असं द्वारकाबाईंना वाटलं नाही, म्हणून त्या म्हणाल्याही नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या. बाहेर आल्या तेव्हा उत्तरेश्वर खणातला रोटर घेऊन, चप्पल घालून दारात उभे होते.

खाली त्यांनी रोटर स्वतः बसवायला घेतला. हात नेम धरू देईना. दोनदा हुकला. बजरंगने मदतीला हात पुढे केला नाही. तो उगाच टायरमधली हवा तपासत बसला. तिसऱ्या खेपेला रोटर बसला.

चावी द्वारकाबाईंनी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि निळसर धूर सोडत सुरू झालं. सेक्रेटरी गॅलरीत आले, धुराकडे बघून आत गेले.

पुढचे पाच आठवडे ब्रेकच्या कामात, आरटीओच्या पासिंगमध्ये आणि विम्यात गेले. तेवढ्या वेळात द्वारकाबाईंनी ड्रायव्हिंग क्लासला पंधरा धडे घेतले. घरात दोघं कामापुरतंच बोलत होते.

एका रविवारी सकाळी लवकर त्या गाडी घेऊन खडकवासल्याला निघाल्या. उत्तरेश्वर डावीकडच्या सीटवर बसले. सिंहगड रस्त्यावर दर सिग्नलला त्यांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता. तोंडातून मात्र एक शब्द निघाला नाही. एकदा द्वारकाबाईंनी गाडी चौथ्यात टाकायच्या ऐवजी दुसऱ्यात टाकली, इंजिन किंचाळलं, तेव्हाही नाही.

"बोला की," त्या शेवटी म्हणाल्या. "बघवत नाही तुमच्याकडे."

"चांगली चालवतेस," ते म्हणाले. "क्लचवरून पाय काढ फक्त."

धरणाजवळ त्यांनी गाडी कडेला लावली. पाण्यावरून गार वारा येत होता. उत्तरेश्वरांनी खिशातून फोन काढला आणि उत्कर्षाचा नंबर लावून द्यायला सांगितलं.

"बाबा? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुझ्या आईने गाडी चालवत मला खडकवासल्यापर्यंत आणलंय. आणखी एक सांगायचं होतं. गाडी कधी बिघडलीच नव्हती."

द्वारकाबाई हळूच दार उघडून बाहेर पडल्या आणि त्यांना बोलू देऊन कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.