हातानं मारलेली रेघ

“दुखण्याची गोळी वगैरे घेतेस?”

फॉर्मवरून मान वर न करता त्यानं विचारलं. मूत्रपिंडाच्या तपासणीआधी हा प्रश्न तो अठरा वर्षं प्रत्येक रोग्याला विचारत आला होता. बायकोला आज पहिल्यांदाच.

“घेते की. गुडघ्याची, सकाळ-संध्याकाळ,” ती टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. “तुमची आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून. आणून तर तुम्हीच देता!”

त्यानं मनात हिशेब केला. नऊ वर्षं झाली होती त्याला.

ती भावाला मूत्रपिंड द्यायला निघाली होती. त्यावरून घरात महिनाभर धुसफुस चालली होती. “उद्या तुलाच काही झालं तर?” असं त्यानं म्हणायचं आणि “भाऊ माझा आहे,” म्हणून तिनं तोंड फिरवायचं. रुग्णालयात यंत्र एकच आणि ते चालवणाराही हाच एक, त्यामुळे शेवटी तीही त्याच्याच टेबलावर आली.

त्यानं तिच्या दंडात सुई टोचली. रक्तातून गेलेलं किरणोत्सारी औषध मूत्रपिंडांत किती झपाट्यानं पोचतं, हे टेबलाखालचा कॅमेरा टिपतो. पण पडद्यावर मूत्रपिंडाची कड माउसनं हातानंच आखावी लागते. ती जराशी आत ओढली की मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा खाली येतो आणि कुणाच्या बापाला कळत नाही. आज ती आत ओढायची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. पाप तर पाप, बायको तर शाबूत राहील!

पण आलेखाच्या रेघा मुळात चढेचनात. धडधाकट मूत्रपिंडाची रेघ चार-पाच मिनिटांच्या आत शिखर गाठून उतरायला लागते. हिच्या दोन्ही रेघा धापा टाकत निम्म्यावर येऊन बसल्या. त्यानं कड नीट आखली, पुसली, पुन्हा आखली. मग घाबरून चक्क बाहेर ओढली. तरी आकडा म्हणावा तसा वर येईना.

मूत्रपिंड मोठं हिकमती असतं. रक्ताचा दाब घटला की आत येणारी नळी सैल सोडतं, बाहेर जाणारी आवळतं आणि आपला ओघ टिकवून धरतं. संसारातल्या बाईसारखं, बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाही. दुखण्याची गोळी नेमकी ती आत येणारी नळी सैल होऊ देत नाही. हे तो शिकाऊ मुलांना घडाघडा सांगायचा. त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं खरा आकडा लिहिला. डॉक्टर म्हणाले, “यांचं घेता येणार नाही. उलट यांनाच उपचार लागतील.”

व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. “रेघा तुम्हीच मारता ना?”

“अगं, शपथेवर सांगतो, मी काही...”

“मनात नव्हतं? माझ्याकडे बघून सांगा.”

त्याला बघता येईना. तिला तेवढं पुरलं.

“ती गोळी आजपासून बंद कर,” तो कसाबसा म्हणाला. “तुझी तब्येत...”

“मला काही झालेलं नाही. तुमची नाटकं तुम्हालाच लखलाभ!” कठडा धरून एकेक पायरी उतरत ती निघून गेली.

तिचा भाऊ बाकावर बसला होता. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. त्यानं सरकून जागा करून दिली.

“भावोजी, मनाला लावून घेऊ नका,” तो हळूच म्हणाला. “ताईच्या जागी माझी बायको असती तर मीही हेच केलं असतं.”

“तसं नाही रे! ऐक तरी...”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. डायलिसिसची खुर्ची रिकामी झाली होती. मेव्हण्यानं त्याच्याच खांद्यावर भार टाकला आणि उठून आत गेला.