तिकडे रेंज नाही

शिबिराला आलेल्या दहा मुलांपैकी शमिका मला पहिल्यांदा दिसली ती झोपलेलीच. त्यांच्या शाळेतल्या विनोद सरांची गाडी सुरूच्या बागेत येऊन थांबली, नऊ जणं धडाधड उतरली, खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र बघून ओरडली, आणि दहावी खिडकीला डोकं टेकून तशीच. तोंड उघडं, वेणी सुटलेली. तिच्या वर्गातल्या सानिकाने तिला हलवलं.

"शमे, ऊठ गो, समुद्र आला."

शमिकाने डोळे न उघडताच विचारलं, "रडतोय काय?"

सगळे हसले. मीही हसले.

आमचं शिबिर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. मालगुंडपासून थोडं पुढे, खाडीकाठी, बारा कयाक, पाच तंबू आणि पत्र्याच्या शेडमधलं स्वयंपाकघर. माझा नवरा प्रज्ञेश मुलांना वल्हवायला शिकवतो. पूर्वी मीही शिकवायचे. आरोही झाल्यापासून मी चूल, फोन आणि आरोही बघते. ती आठ महिन्यांची होती, दात येत होते, आणि गेल्या सप्टेंबरपासून दोन तासांच्या वर सलग झोप मला मिळालेली नव्हती. मी मीठ दोनदा घालायचे किंवा घालायचेच नाही. मुलं बिचारी काही बोलायची नाहीत.

ही मुलं संगमेश्वराच्या आतल्या एका गावातली, नववी-दहावीची. बेत असा होता: दोन दिवस खाडीत सराव. तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं आणि कातळाच्या कडेकडेने दीड तास वल्हवत एका छोट्या पुळणीवर जायचं. तिथे मागे उभा कडा आहे, वरून वाट नाही. होडीने जाल तरच जाल. रात्री तिथेच तंबू, चौथ्या दिवशी परत.

आणि एक नियम. खोल पाण्यात स्वतःची कयाक स्वतः उलटवायची आणि कुणाची मदत न घेता परत तिच्यावर चढून बसायचं. ज्याला हे जमणार नाही, तो खाडीच्या बाहेर जाणार नाही. नियम प्रज्ञेश सांगतो, पण केला होता मी, चार वर्षांपूर्वी, एका पोराने आम्हाला चांगलंच घाबरवल्यानंतर.

पहिल्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते. आरोही झोळीत रडत होती. नुसती कुरकुर नाही, अगदी टाहो. मुलं दुसऱ्या सत्रासाठी जॅकेटं चढवत होती. एवढ्यात शमिका आली. काही न विचारता तिने आरोहीला उचललं, एक हात मानेखाली, एक बुडाखाली, आणि खांद्यावर अशी काही टाकली की आरोही एक उचकी देऊन गप्पच झाली.

"ताई, तुमी पडा थोड्या. मी बघते हिला."

तुझं सत्र सुरू होतंय, पोरी, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "दहाच मिनिटं हां."

डोळे उघडले तेव्हा ऊन सुरूंच्या बुंध्यांवर उतरलं होतं आणि मुलं कयाक ओढत वर आणत होती. अडीच तास झाले होते. शमिका उंडीच्या झाडाखाली बसली होती, मांडीवर आरोही गाढ झोपलेली. मुंगी चावली म्हणून तिने एक पाय तेवढा लांब केला होता, बाकी अंग हललं नसावं.

प्रज्ञेशला वाटलं, मी तिला मदतीला ठेवून घेतलंय. मी त्याचा समज तसाच राहू दिला. त्या सत्रात पोरं उलटलेल्या होडीवर चढायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. नऊ जणं पास. कुणी पहिल्या झटक्यात, कुणी खाडीचं पाणी पिऊन, पण पास. शमिका तीनदा उलटली आणि तीनदा लोंबकळून राहिली. हाताने स्वतःला वर खेचायला जायची, कोपर थरथरायचे आणि परत पाण्यात. शेवटी प्रज्ञेशने तिच्या जॅकेटला धरून तिला स्वतःच्या कयाकवर ओढून घेतलं.

"कुंभकर्णा, पाण्यात तरी जागी राहा!" काठावरून त्यांच्यातला हर्षल ओरडला. तोपर्यंत ती नाश्त्याला, शेकोटीला, अगदी बूट घालता घालताही झोपल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. तीही त्यांच्याबरोबर हसली. काठावर आल्यावर मात्र ती टॉवेल डोक्यावरून घेऊन बराच वेळ तशीच बसली.

चहाला प्रज्ञेश माझ्याजवळ आला. "तिला राहू दे तुझ्यापाशी. आरोही तिच्याकडे छान राहते. तुलाही दोन दिवस झोप मिळेल. डोळे बघ तुझे."

तो मायेने म्हणाला, आणि म्हणूनच अवघड झालं. खरं सांगते, ते ऐकून माझ्या हाडांना बरं वाटलं. दोन दिवस! मी चटई कुठे टाकायची, तेसुद्धा ठरवून टाकलं.

"बघू," मी म्हटलं. म्हणजे हो.

दुपारी मुलं जेवून होड्या धुवायला गेली. मागे राहिलो मी आणि शमिका. आरोही झोळीत होती. आम्ही भिंतीला टेकून पाय पसरून आमरस-भात खात होतो, आणि माझं लक्ष तिच्या गुडघ्याकडे गेलं. उजवा गुडघा हलत होता. वर-खाली, वर-खाली, बारीक. मग मी माझ्याकडे पाहिलं. माझाही हलत होता. दोघींच्याही मांडीवर कुणी नव्हतं.

"घरी कोण आहे लहान?" मी विचारलं.

"भाऊ. चार महिन्यांचा."

"आणि आई?"

"काजूच्या फॅक्टरीत. सातला गाडी येते. बाबा मुंबईला."

"मग दिवसा तूच बघतेस."

"रातीला पन मीच. आईला पहाटेचं उठायचं असतं ना. तिला झोप नाय मिळाली तर सुरी लागते हाताला. मग मी दूध करते पावडरचं, देते, थोपटते. तो तीनदा उठतो. कधी चारदा."

"इकडे कशी सोडली मग?"

"आत्या आलीय. सरांनी लय सांगितलं आईला." तिने रसातला बाठा चोखून ताटाच्या कडेला ठेवला. "ताई, सर बोलले ते खरं काय? तिकडच्या पुळणीवर रेंज नाय?"

"अजिबात नाही. का गं?"

"म्हंजे फोन केला कुनी तरी लागनार नाय."

"नाही लागणार."

"आनि कुनाचं बाळ पन नाय तिकडं."

माझा घास हातातच राहिला.

"समुद्र बघायला नाय आले वो मी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "एक रात कोन उठवनार नाय, म्हनून आले." मग तिलाच कसंसं झालं असावं, कारण ती घाईघाईने म्हणाली, "पन राहते मी हितं. आरोही गुनी हाय. तुमी झोपा. मला काय, सवय हाय."

"काल तुझं सत्र बुडलं ते कुणामुळे?"

"माझ्यामुळंच."

"दहा मिनिटं कोण म्हणालं होतं?"

"तुमी. उठवनार होते मी तुमाला. पन तुमी अशा झोपलेल्या..." तिने ताटातला भात सारखा केला. "आमची आई झोपते ना, तशा."

मी ताट बाजूला सारलं. "ऊठ. हात धू, आणि त्या चटईवर पड."

"आनि आरोही?"

"आरोहीला आई आहे."

ती उठली. मग हात धुऊन आली, चटईवर कुशीवर वळली, आणि मी अंगावर पंचा टाकेपर्यंत झोपलीसुद्धा. गुडघा तेवढा अजून थोडा वेळ हलत होता. मग तोही थांबला.

आरोही त्या दिवशी दुपारची झोपलीच नाही. तिला कडेवर घेऊन मी सुरूच्या बागेत फेऱ्या मारल्या. शमिका उठू नये म्हणून लांब, पार कुंपणापर्यंत. वाळू तापलेली, कंबर दुखतेय, आणि ही बया माझे केस ओढतेय. एकदा उंडीला टेकले तर उभ्या उभ्याच डुलकी लागली, गुडघे वाकले तशी दचकले आणि आरोहीला घट्ट धरलं. चटईकडे मी पाहत नव्हते. पाहिलं असतं तर तिच्या शेजारी आडवी झाले असते.

षष्ठी होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट, म्हणजे सहाची साडेचार, त्या वेळेला भरती पूर्ण. त्यानंतर थोडा वेळ खाडीचं पाणी थबकतं. तेवढाच वेळ आमच्या हातात होता. मी शमिकाला उठवलं आणि आरोहीला प्रज्ञेशच्या हातात दिलं.

"आणि तू?"

"मी पाण्यात. हिची परीक्षा परत घेतेय."

"अगं, वर्ष झालं तुला पाण्यात उतरून!"

"मग काय? तुला हे कुणी शिकवलं होतं?"

त्याने आरोहीला खांद्यावर घेतलं. माझं जुनं जॅकेट पुढून लागेना, पट्टे सगळे सैल करावे लागले. पाणी कोमट होतं. त्यात उतरले तेव्हा एवढी हलकी झाले की तिथेच पाठीवर पडून राहावंसं वाटलं.

"शमिका, ऐक. तू हाताने चढायला बघतेस. तुझे हात दमलेत, त्यांना आज सुट्टी. आडवी हो, पाय मार, आणि वर जाऊ नकोस, होडी पोटाखाली ओढून घे. आधी पोट, मग बूड, मग पाय. काय?"

"पोट, बूड, पाय."

पहिल्यांदा तिने पाय मारले आणि पोट वर आलं, पण पलीकडून घसरून गेली. नाकातोंडात पाणी. खोकली, डोळे पुसले, परत आली.

दुसऱ्यांदा पोट आलं, अर्धं बूड आलं, आणि काठावर आरोहीने टाहो फोडला. शमिकाची मान आपोआप तिकडे वळली, हात सुटला, आणि ती परत पाण्यात.

प्रज्ञेश आरोहीला उड्या मारून दाखवत होता, कावळा दाखवत होता. ती आणखीच ओरडत होती. माझ्या छातीत दूध उतरलं, जॅकेटच्या आत गरम गरम. मी काठाकडे पाठ केली.

"तिकडे बघू नकोस," मी म्हटलं.

"रडतेय ती, ताई."

"रडू दे. ती माझी आहे, तुझी नाही. रडेल आणि थांबेल. तू होडी बघ."

सानिका गुडघाभर पाण्यात आली होती. तिच्यामागे हर्षल आणि बाकीचे. "पोट!" सानिका ओरडली. शमिकाने पाय मारले, फटाफट, पांढरं पाणी उडालं आणि ती होडीवर आडवी आली. "बूड!" सगळेच ओरडले. ती वळली, होडी डुगडुगली, मी हात पुढे करणार होते तो मागे घेतला. "पाय!" आणि ती बसली. केस तोंडावर, दोन्ही हात होडीच्या कडांवर घट्ट. इकडेतिकडे बघितलं, जणू दुसरंच कुणीतरी तिला तिथे ठेवून गेलंय.

"कुंभकर्ण जागा झाला!" हर्षल म्हणाला.

"तुझ्या आधी झोपनार हाय मी तिकडं," ती म्हणाली. "घोरून दाखवते थांब."

मी बाहेर आले आणि ओल्या कपड्यांनीच आरोहीला पदराखाली घेतलं, म्हणजे टॉवेलाखाली. प्रज्ञेश घामाने भिजलेला. "पंधरा मिनिटं होती फक्त," तो म्हणाला. "तू दिवसभर कसं करतेस?" त्याचं उत्तर द्यायलाही दम लागतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, ओहोटीच्या ओढीबरोबर, ती सगळी निघाली. पिवळ्या-केशरी होड्या एकामागे एक. शमिका तिसरी होती. बाकीच्यांनी वळून हात केले, तिने केला नाही. वल्हं उजवीकडे, डावीकडे, आणि नजर सरळ. खाडीच्या तोंडाशी लाट आली, तिची होडी वर गेली, खाली आली आणि कातळाआड गेली. मी शेडमध्ये परतले. ढीगभर भांडी पडली होती. आरोहीचा दुसरा दात त्याच दिवशी वर आला, त्यामुळे रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही.

चौथ्या दिवशी दुपारच्या आत सगळे परत. विनोद सर होडीतून उतरताच म्हणाले, "वहिनी, ही तुमची पोर! आठला पोचलो, पोहे खाल्ले आणि आडवी झाली. ऊन अंगावर आलं तसं पोरांनी तिला चटईसकट उचलून सावलीत नेलं, तरी पत्ता नाही. सूर्यास्त गेला, रात्रीचं जेवण गेलं."

"उठवलं नाही ना कुणी?"

"मी उठवणार होतो. सानिका माझ्या अंगावर धावून आली."

शमिका खाडीकाठी उभी होती. तिचा फोन सुरू झाला होता आणि एकामागून एक वाजत होता. मग तिने घरी लावला. "हां आत्या... रेंज नव्हती... तीन चमचे टाक, चार नको, पोट दुखतं त्याचं... पानी उकळलेलं घे... येते संध्याकाळी." डोळे सुजलेले, गालावर चटईची नक्षी अजून तशीच.

फोन ठेवून ती माझ्यापाशी आली. आरोही माझ्या खांद्यावर नुकतीच झोपली होती.

"काय काय बघितलंस मग तिकडे?"

"काय नाय," ती हसली. "झोपले." मग दोन्ही हात पुढे केले. "ताई, द्या ना जरा. आता घ्यावीशी वाटते."

चटई तिथेच अंथरलेली होती. मी चटईकडे पाहिलं नाही.

"पाचच मिनिटं," मी म्हटलं, आणि या वेळी शेडमधल्या घड्याळात वेळ बघून ठेवली.

ती उंडीखाली बसली. आरोहीच्या टाळूवर नाक टेकवून राहिली, गुडघा न हलवता. पाच मिनिटं झाली तशी मी हात पुढे केले आणि माझी मुलगी परत मागून घेतली.