सणाला हाताशी असलेली सून

विमलाबाईंचा तोरा काही औरच होता. तळेगावच्या त्यांच्या आळीत सणासुदीला कुणाची ना कुणाची सून नेमकी बाजूला बसायची, आणि मग सोवळ्याचा सैपाक कोण करणार म्हणून धावपळ व्हायची. त्यांची मोहिनी मात्र क्वचितच बाजूला बसे. महालक्ष्म्या असोत की शेजारची पूजा, ही आपली हाताशी हजर. माही सून मोठी पुण्यवान हाय, असं विमलाबाई चारचौघींत खुशाल सांगायच्या. पाळी चार-चार महिने येत नाही, हे त्या माउलीला वरदान वाटत होतं, आता बोला!

मोहिनीला तसं वाटत नव्हतं. हनुवटीवर राठ केस उगवत होते, मान काळवंडली होती, खाणं बेताचं असूनही अंग सुटत होतं. एक दिवस ती आर्वीला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आली आणि सासूला समोर बसवून सगळं समजावलं. या दुखण्याला पीसीओएस म्हणतात. अंडं पुरतं वाढून बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. केस, मान, वजन, सगळं त्याच बिघाडातलं. दुर्लक्ष केलं तर पुढे साखरेचा आजार जडू शकतो, गर्भपिशवीलाही धोका.

"माह्या आळसानं नाई झालं हे, आई," एवढंच ती शेवटी म्हणाली. विमलाबाईंना काही ते पटलं नाही. धडधाकट पोरीला कसलं आलंय दुखणं, असं त्या पुटपुटल्या.

पण पोरगी जिद्दीची निघाली. सकाळी शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं झपाझप चालायची, गोळी चुकवायची नाही, घरात बुंदी आली तरी हात लावायची नाही. लोक हसले, तिनं हसू दिलं. बघता बघता विमलाबाईच तिच्यासाठी ज्वारीची भाकर थापू लागल्या, वरून कुरकुर चालूच.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. सोळा भाज्यांची चिराचिर चाललेली, चुलीवर पुरण, घरभर आळीतल्या बाया. मोहिनी न्हाणीतून आली. गप्प राहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती सरळ सासूपुढे उभी राहिली.

"आई, मले पाळी आली. गेल्या महिन्यात आलती, आता पुन्हा येळेवर आली."

चिरणारे हात थांबले. शेजारच्या कौशल्याबाईंनी, आजच बरी आली, म्हणून नाक मुरडलं. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. ते बघून विमलाबाईंना भरून आलं. आपण गावभर मिरवलं ते हिचं दुखणं होतं, आणि ही पोर त्याच्याशी एकटी झुंजत होती. केवढी हिंमत म्हणावी हिची!

मोहिनी रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीकडे वळली.

"तिकडं कुठं चालली?" विमलाबाईंनी तिला हाताला धरून चुलीपाशी आणलं आणि पळी तिच्या हातात दिली. "पुरण लागून राह्यलं. हलव."